ओळ चुकते ती डोळ्यांमुळे की अक्षरांमुळे?

पत्र :

"माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. चौथीत, सेमी-इंग्रजीला. वाचताना ओळ चुकतो, कधी तीच ओळ दोनदा वाचतो, मधले शब्द गाळतो. 'पाऊस'ला 'पाणी' म्हणतो, 'घर'ला 'धर' वाचतो. बोट ठेवून जरा बरं वाचतो, पण वर्गात बाई बोट ठेवू देत नाहीत. अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं. कॅरम मात्र असा खेळतो की मोठ्यांनाही हरवतो. एका केंद्रात नेलं होतं. तिथे कॉम्प्युटरवर डोळ्यांच्या हालचालींचा आलेख काढला आणि सांगितलं, 'याचे डोळे ओळीवर नीट सरकत नाहीत, म्हणून वाचता येत नाही.' डोळ्यांच्या व्यायामाची ३६ सिटिंग, २७,००० रुपये, वर रंगीत काचांचा चष्मा. शाळेतल्या तपासणीत नजर चांगली निघाली होती. सासरे म्हणतात, 'पोराला अभ्यास नकोय, नाटकं आहेत.' पैसे मी साठवलेत. भरू का?" — एक आई, कराड

प्रिय ताई,

पैसे आत्ता भरू नका. डोळे मात्र तपासून घ्या, आणि नीट तपासून घ्या. शाळेतल्या तपासणीवर थांबू नका. डोळ्यांच्या या नीट तपासणीला दोन-तीन आठवडे लागले तर लागू देत, पण वाचन शिकवायचं काम तोवर अडवून ठेवू नका, ते आजपासूनच सुरू करा.

केंद्रातल्या माणसांनी आलेख खोटा काढला असेल असं मला वाटत नाही. तुमच्या मुलाची नजर ओळीवर अडखळत असेल, मागे जात असेल, भलत्या ओळीवर उतरत असेल. माझा आक्षेप त्यांच्या 'म्हणून' या शब्दाला आहे. डोळे अडखळतात म्हणून वाचता येत नाही, की वाचता येत नाही म्हणून डोळे अडखळतात? तुमचे २७,००० रुपये आणि मुलाचं एक वर्ष या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

आधी हे बघा की चांगलं वाचणाऱ्याची नजरसुद्धा ओळीवरून तेलासारखी सरकत नाही. एक वर्तमानपत्र घ्या, मधोमध पेन्सिलीने भोक पाडा, मिस्टरांना ते उभं धरून वाचायला सांगा आणि पलीकडून भोकातून त्यांचे डोळे बघा. नजर उड्या मारताना दिसेल. उडी, थांबा, पुन्हा उडी. पॅरिसमधल्या एमिल जावाल या नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेत एकोणिसाव्या शतकातच हे लक्षात आलं होतं. या उडीला सॅकेड म्हणतात. मोठा माणूस एका थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतो आणि दर शंभर उड्यांतल्या दहा-पंधरा उड्या तोही मागेच मारतो. हात लांब करून अंगठ्याचं नख धरलं तर ते जेवढं रुंद दिसतं, साधारण तेवढाच पट्टा आपल्याला एका वेळी लख्ख दिसतो. म्हणून उडी मारावीच लागते. नवशिका मूल जास्त थांबतं, जास्त वेळ थांबतं आणि जास्त वेळा मागे जातं. पहिलीतल्या कुठल्याही मुलाचा आलेख काढला तर तो असाच ओबडधोबड येईल.

आता मोडी शिकायला बसलेल्या माणसाची कल्पना करा. घरातले जुने जमिनीचे कागद काढले आहेत, समोर मोडीची बाराखडी ठेवली आहे. डॉक्टर असो, वकील असो, तो बोट ठेवूनच वाचणार. तीन अक्षरं लागली की चौथ्याशी अडणार, मागे येणार, डोकं वर करून बाराखडी बघणार आणि परतताना ओळ चुकणार. अर्ध्या तासात त्याचंही डोकं धरेल. त्या वेळी त्याच्या डोळ्यांचा आलेख काढला तर तुमच्या मुलासारखाच निघेल. आणि तोच माणूस पाच मिनिटांनी देवनागरीतलं वर्तमानपत्र घडाघडा वाचेल. डोळे तेच.

शास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिलं आहे. कीथ रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली चौथीच्या मुलांना त्यांच्या आवाक्याबाहेरचा मजकूर वाचायला दिला. नजर एका थांब्यात जेवढा भाग टिपते तो लगेच आकसला आणि नवशिक्या वाचकांइतका झाला. त्याच्या आधी, १९८१ साली, जॉर्ज पाव्लिडिस यांनी डिस्लेक्सिया (हुशारी असूनही वाचन फार जड जाणं) असलेल्या मुलांची नजर नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्यांमागेही वेडीवाकडी जाते असं मांडलं होतं. तसं असतं तर दोष खरोखर डोळ्यांच्या हालचालीतच ठरला असता. पण पुढच्या दोनच वर्षांत इतरांनी तसेच प्रयोग करून पाहिले आणि त्यांना तो फरक सापडला नाही. दिव्यांमागे या मुलांची नजर इतर मुलांसारखीच जात होती. अडखळण सुरू होते ती शब्द समोर आल्यावर.

तुमच्या पत्रात उत्तराचा बराचसा भाग तुम्हीच लिहिला आहे. 'पाऊस'ला 'पाणी'. ताई, ही डोळा घसरल्याची चूक नाही. डोळा घसरला असता तर शब्द अर्धा राहिला असता किंवा शेजारचा शब्द आला असता. तुमच्या मुलाने 'पा' बरोबर वाचला, पुढची अक्षरं लावायचं ओझं टाळलं आणि अर्थाला धरून, 'पा'ने सुरू होणारा एक शहाणा शब्द ठेवून दिला. हा अंदाज आहे, आणि हुशार मुलाचा अंदाज आहे. हुशार मुलांचं वाचन तिसरी-चौथीपर्यंत झाकलेलं राहतं ते याच कारणाने. धडा पाठ असतो, चित्र असतं, अंदाज बरोबर येतो. चौथीला मजकूर वाढतो, चित्रं कमी होतात आणि उघडं पडतं.

'घर'चं 'धर' जरा वेगळं. दोन्ही अक्षरं त्याला स्पष्ट दिसत असणार, पण वरची रेघ पूर्ण असली की घ आणि उघडी, शेंडी असलेली असली की ध, ही गाठ आवाजाशी अजून पक्की बसलेली नाही. भ-म, थ-य ह्यांतही तो गोंधळतो का बघा. हे शिकवून सुटतं.

शिवाय आपली लिपी नजरेला मागे जायला लावतेच. 'किल्ला' लिहिताना वेलांटी क-च्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. 'पर्वत'मधला र ऐकू येतो व-च्या आधी, पण बसतो व-च्या डोक्यावर. अशा जागी मूल थबकलं, एकदा मागे जाऊन आलं, तर ते बरोबर वाचत आहे. तिथे त्याला 'पुढे चल, पुढे चल' म्हणून ढकलू नका.

आणि कॅरम. स्ट्रायकरवरून सोंगटीवर, सोंगटीवरून खिशावर, तिथून परत स्ट्रायकरवर, नजर अचूक उड्या मारते म्हणून तर तो मोठ्यांना हरवतो. यावरून डोळ्यांत काहीच दोष नाही असं मी म्हणणार नाही, पण 'डोळे हलतच नाहीत नीट' हे म्हणणं मला पटत नाही.

घरी दोन गोष्टी करून पाहा. त्याला दुसरीच्या पुस्तकातला न वाचलेला सोपा उतारा द्या. तो वाचताना ओळ चुकणं एकदम कमी झालं, तर अडचण अक्षरं आणि शब्द उलगडण्यात आहे. मग एका कागदावर दहा ओळींत लहान लहान फुल्या आणि गोल काढा, पुस्तकातल्या ओळींइतक्याच जवळ, आणि प्रत्येक ओळीतले गोल बोट न ठेवता मोजायला सांगा. इथे ओळ सापडते आणि धड्यात हरवते, तर तोच अर्थ. फुल्यांमध्येही हरवत असेल, दोन-दोन दिसतात म्हणत असेल, एक डोळा झाकून बघत असेल, तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे निदान नाही, पण पहिलं पाऊल कुठे टाकायचं ते यातून कळेल.

आता डोकेदुखी. ती मी गंभीरपणे घेते. शाळेच्या तपासणीत बहुतेक लांबच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतात. प्लस नंबर असलेलं मूल डोळ्यांना ताण देऊन लांबचा तक्ता सहज वाचून दाखवतं आणि 'नजर चांगली' असा शेरा घेऊन घरी येतं. जवळचं पुस्तक अर्धा तास धरलं की त्याच ताणाने डोकं दुखतं. माझ्या हाताखाली असा एक मुलगा होता. चार महिने मी त्याला बाराखडी घोटवली. तो दहा मिनिटं छान वाचायचा आणि मग विझायचा. मला ते कंटाळा वाटलं. शेवटी थेंब टाकून तपासल्यावर चांगलाच प्लस नंबर निघाला. ते चार महिने मला आजही लागतात. म्हणून आता कुठल्याही मुलाचं वाचन हातात घेताना मी पहिल्याच आठवड्यात डोळ्यांचा कागद मागते.

नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर नुसतं 'नंबर बघा' म्हणू नका. थेंब टाकून नंबर काढायला सांगा. प्रत्येक डोळा वेगळा तपासायला सांगा, म्हणजे एखादा डोळा आळशी राहिला असेल तर कळेल. तिरळेपणा लपलेला नाही ना, जवळचं फोकस टिकतं का, हे विचारा. आणि जवळ बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळून टिकतात का, हे आवर्जून विचारा. पेन हळूहळू नाकाजवळ आणत गेलं की एका अंतरावर ते दोन दिसू लागतं. हे अंतर साधारण सहा सेंटीमीटर किंवा त्याहून कमी असेल तर ठीक. बरंच लांबूनच दोन दिसत असतील तर त्याला कन्व्हर्जन्स इनसफिशिअन्सी म्हणतात. अशा मुलांना वाचताना डोकेदुखी होते, अक्षरं हलल्यासारखी वाटतात, ओळ सुटते. ऑर्थोप्टिस्ट, म्हणजे दोन्ही डोळ्यांचा मेळ तपासणारे तज्ज्ञ, हे नेमकं मोजतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या नेत्रविभागात ही तपासणी फार कमी खर्चात होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येत असेल तर त्यांच्याकडूनही पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मिळू शकते.

हा दोष निघाला तर? तर डोळ्यांचा व्यायाम खरोखर उपयोगी आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर हे तपासलं होतं. बारा आठवडे प्रशिक्षित माणसाकडून करून घेतलेल्या व्यायामाने जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांचा त्रास गेला किंवा बराच कमी झाला. म्हणजे व्यायाम हे थोतांड नाही. पण त्याच मंडळींनी पुढे तीनशेहून अधिक मुलांवर दुसरी चाचणी केली, हे बघायला की डोळे सुधारल्यावर वाचनही सुधारतं का. २०१९ साली निकाल आला. खऱ्या व्यायामाच्या गटातल्या मुलांचं वाचलेलं समजण्याचं कौशल्य नुसत्या दिखाऊ व्यायामाच्या गटाहून जास्त सुधारलं नाही. तेव्हा दोष निघाला तर व्यायाम डोकेदुखीसाठी करा, जरूर करा. 'पाऊस'चं 'पाणी' त्याने जाणार नाही.

रंगीत काचांवर मी फार लिहीत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्र निवेदन काढून सांगितलं की डिस्लेक्सियावर रंगीत काचा किंवा डोळ्यांच्या व्यायामाचा उपयोग होतो याला शास्त्रीय आधार नाही. त्या चष्म्याचे पैसे गोष्टीच्या पुस्तकांवर घाला.

डोळ्यांच्या हालचालींचे खरे आजार असतात, ते मी नाकारत नाही. काही मुलांना जन्मतः नजर हवी तिथे वळवता येत नाही, ती डोकं झटक्याने फिरवतात. काहींचे बुबुळ सतत थरथरतात. डोक्याला मार लागल्यानंतरही जवळ बघणं बिघडू शकतं. अचानक दोन-दोन दिसायला लागलं, डोळा नव्याने तिरळा झाला, मूल मान वाकडी धरायला लागलं, सकाळी डोकं दुखून उलटी होऊ लागली, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

माझ्या मनावर अजून ओझं आहे ते एका मुलीचं. वीसेक वर्षांपूर्वी मीच एका चौथीतल्या मुलीला वर्षभर नजरेचे व्यायाम करायला लावले. दोरीला टांगलेला चेंडू, पेनामागे नजर, भिंतीवरचे ठिपके. मी एका शिबिरात ऐकून आले होते आणि माझा त्यावर मनापासून विश्वास बसला होता. वर्षाअखेरीस तिची नजर पेनामागे सुरेख फिरायची. वाचन होतं तिथेच. 'सपाट'मधला 'स' काढला तर काय उरतं, हे तिला सांगता येत नव्हतं आणि मी ते कधी विचारलंच नव्हतं. पाचवीत आम्ही आवाजांपासून सुरुवात केली. तिला वाचता आलं, पण ते एक वर्ष तिच्या मनात 'मला काही जमत नाही' हे घट्ट बसवून गेलं होतं, आणि ते काढायला वाचनापेक्षा जास्त वेळ लागला.

म्हणून आजपासून रोज वीस मिनिटं, शक्यतो सकाळी, अशी सुरुवात करा. पहिली पाच मिनिटं पुस्तकाशिवाय. 'कमळ'मधला 'क' काढला तर? 'पावसाळा' टाळ्या वाजवून तोड. 'वाट'मधला 'वा' काढून 'ला' ठेवला तर? मग शब्दांच्या याद्या: आधी काना-मात्रा नसलेले, मग एकेक स्वरचिन्ह, मग पक्का-चक्का-धक्का असे जोडाक्षरांचे गट. एका दिवशी एकच गोष्ट. शेवटी पाच-सहा ओळींचा सोपा उतारा, आणि तोच उतारा तीन दिवस. तिसऱ्या दिवशी तो आपला आपण वेग पकडेल आणि ते त्यालाही जाणवेल. अडला तर 'चित्र बघ, ओळख' म्हणू नका. थांबा, आणि 'शब्दाच्या शेवटापर्यंत जा' एवढंच म्हणा. चूक झाली की लगेच शब्द सांगून मोकळं होण्याचा मोह आपल्या सगळ्यांनाच होतो. तो आवरा.

बोट ठेवू द्या. ओळीखाली जाड कागदाची पट्टी धरली तरी चालेल. शब्द लागायला लागले की बोट आपोआप सुटतं, कुणाला ते ओढून काढावं लागत नाही. बाईंना भेटून एवढंच मागा की यावर्षी बोट ठेवू द्यावं आणि वर्गासमोर न सांगता एकदम उभं करून वाचायला लावू नये. बहुतेक बाई ऐकतात. चाळीस मुलांत त्यांच्या हे लक्षात आलेलं नसतं इतकंच.

परिसर अभ्यासाचे धडे तुम्ही त्याला वाचून दाखवा. वाचन मागे आहे म्हणून माहिती मागे पडायला नको.

तीन-चार महिने हे नेमाने करूनही फारसा फरक पडला नाही, तर डिस्लेक्सियाची रीतसर तपासणी करून घ्या. हा शब्द ऐकून घाबरू नका. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत लिहिली होती. नजर चांगली, आकडेमोड बरोबर, पण शब्द वाचता येईना. त्याच्या शिक्षकाचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. त्या काळी याला शब्दांधत्व म्हणत. नावात 'अंधत्व' आल्यामुळे लोक डोळ्यांकडे धावले ते आजपर्यंत. मूळ अडचण बहुतेकदा शब्दातले आवाज सुटे करून अक्षरांशी जोडण्यात असते. ही अडचण आहे का याची मराठीतून प्राथमिक चाचपणी करण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची साधनं तयार केली आहेत, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ असतात, मुख्याध्यापकांमार्फत त्यांना गाठा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पण ते पुढचं.

सासऱ्यांना एक विनंती करा. त्यांनी वर्तमानपत्र उलटं धरून अग्रलेख मोठ्याने वाचून बघावा, दहा मिनिटं. मग नातवाची 'नाटकं' कशी असतात ते त्यांना कळेल. त्यानंतर रोजच्या उताऱ्याचे श्रोते त्यांनाच करा आणि उतारा झाला की कॅरमचा एक डाव.

थेंब टाकल्यावर किमान एक दिवस त्याला जवळचं धूसर दिसेल आणि उजेड टोचेल, तेव्हा तपासणीला शनिवारी न्या, चाचणी परीक्षेच्या आठवड्यात नको. कागद हातात आला की त्यावर प्लस नंबर किती आणि पेन किती अंतरावर दोन दिसलं, हे दोन आकडे मला लिहून कळवा.

तुमची,
वाचनताई